अपोलोनियन-डायोनिशियन: 'शिस्त विरुद्ध गोंधळ' एवढे लिहून भागेल का?

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी. एम. ए. मराठीच्या साहित्यविचाराच्या पेपरसाठी टिपणे काढतोय आणि एका जोडीपाशी अडलोय. हाती असलेल्या नोट्समध्ये तीन वाक्ये आहेत: अपोलोनियन म्हणजे सुव्यवस्था, विवेक, संयम. डायोनिशियन म्हणजे अराजक, नशा, भावनावेग. दोहोंचा समन्वय म्हणजे श्रेष्ठ कला. पाठ करायला सोपे आहे, पण कविता समोर ठेवून 'यात दाखवा' म्हटले की पेन हलत नाही. शिस्त कुठल्या कवितेत नसते? भावना कुठल्या कवितेत नसते? मग सगळेच साहित्य दोन्ही ठरते आणि संज्ञेचा उपयोग काय राहिला?

आणखी एक. आपल्याकडे अभिजात आणि रोमँटिक अशी जोडी शिकवतात, ती हीच का, नाव तेवढे बदललेले? आणि उत्तरात मराठी शब्द कोणता वापरावा? 'उन्मादवृत्ती', 'अराजकवृत्ती' असे दोन्ही वाचनात आलेत. पेपर पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा सवडीने पण सविस्तर सांगा.

पायपेटी (पणजी)

नोट्समधला 'विवेक' आधी खोडा. निम्म्या चुका तिथून सुरू होतात.

ही जोडी साहित्यविचारात रुजवली जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख नीत्शेने, 1872 साली आलेल्या 'शोकांतिकेचा जन्म' या पुस्तकात. तो तेव्हा बाझेलला अभिजात भाषांचा प्राध्यापक होता, वय 27. पुस्तकाचे 25 लहान विभाग आहेत. पहिल्याच विभागात तो अपोलो या ग्रीक देवाला स्वप्नाशी जोडतो आणि डायोनिसस या मद्याच्या ग्रीक देवाला धुंदीशी. स्वप्नात तर्क कुठे असतो? पण चित्र असते. कडा असलेली, ओळखू येणारी रूपे एकामागून एक डोळ्यांपुढे येतात, आणि हे स्वप्न आहे अशी पुसट जाणीव असूनही आपल्याला ते पुढे पाहायचे असते. अपोलो हा असा रूप देणारा देव. म्हणून शिल्प आणि महाकाव्यातले स्वच्छ कोरलेले प्रसंग त्याच्याकडे जातात. डायोनिससकडे संगीत, नाच आणि वृंदगान. तिथे कडा विरघळतात, 'हा मी, तो तू' ही वाटणी टिकत नाही.

या वाटणीची कल्पना त्याने शोपेनहॉअर या आधीच्या जर्मन तत्त्वज्ञाकडून घेतली. खवळलेल्या समुद्रात लहानशा होडीत माणूस शांत बसला आहे, कारण त्याचा होडीवर विश्वास आहे, असे शोपेनहॉअरचे चित्र नीत्शे तिथे वापरतो. होडी म्हणजे आपले वेगळेपण, 'मी अमुक एक' ही खात्री. आषाढात आग्वादच्या बाहेरचा समुद्र पाहिलेल्याला अधिक समजावून सांगायची गरज नाही. अपोलो होडी सावरतो. डायोनिससच्या क्षणी होडी फुटते, आणि नुसती भीती वाटत नाही, आनंदही होतो. हा आनंद सुटला की डायोनिशियन शब्दाचा अर्थच सुटला. निव्वळ पडझड, दंगल, घबराट यांना हे विशेषण लावू नका.

मग विवेक कुठे गेला? तो तिसऱ्याकडे: सॉक्रेटिसकडे. 11 ते 15 या विभागांत नीत्शेचा आरोप असा की 'जे समजते तेच सुंदर' हा आग्रह नाटकात शिरला आणि शोकांतिका मेली. ग्रीक नाटककार युरिपिडीसने तो रंगमंचावर आणला, त्यामागे सॉक्रेटिसची वृत्ती होती. म्हणजे खरा सामना दोघांत नसून तिघांत आहे, आणि त्यात अपोलो व डायोनिसस एका बाजूला आहेत! बहुतेक गाइडांत हा तिसरा गडी गायब असतो आणि त्याचा सदरा अपोलोच्या अंगावर चढवलेला असतो.

अभिजात-रोमँटिक ही वेगळी जोडी आहे. ती काळाची, संप्रदायाची, शैलीची वर्गवारी करते. एखादा कवी या गोटात की त्या गोटात असे विचारता येते. नीत्शेच्या दोन गोष्टींना तो प्रेरणा म्हणतो, कलेच्या दोन ओढी. त्या एकाच कृतीत, एकाच ओळीतही एकमेकींवर काम करतात. रोमँटिक कवितेत 'मी' फार मोठा होतो. डायोनिशियन क्षणी 'मी' नाहीसा होतो. दिशा जवळपास उलटी आहे. 'मी वादळ, मी सागर' छापाची कविता परीक्षेत बेधडक डायोनिशियन म्हणून दिली जाते, त्यातला 'मी' मोजून पाहावा.

खाजनबांध (डिवचल)

प्रतिशब्दांबद्दल. 'अराजक' टाळा, तो राज्यव्यवस्थेचा शब्द आहे आणि वाचक राजकारणाकडे वळतो. 'उन्माद' त्याहून अडचणीचा, कारण नाट्यशास्त्रकार भरताच्या 33 व्यभिचारी भावांत, म्हणजे येत-जात राहणाऱ्या भावांत, उन्माद आधीच बसलेला आहे. 'मद' आणि 'सुप्त' हेही तिथे आहेत. साहित्यशास्त्राच्याच पेपरात एक शब्द दोन अर्थांनी वापरलात तर तपासणाऱ्याला वाटेल की तुम्हालाच फरक माहीत नाही.

मूळ संज्ञा देवनागरीत तशाच ठेवाव्यात आणि पहिल्या वेळी एकदा खुलासा करावा: 'रूप देणारी प्रेरणा' आणि 'रूप विरघळवणारी प्रेरणा'. त्यानंतर मराठीत आपल्याकडे भान आणि बेभान ही जोडी तयार आहे, ती उत्तरात मोकळेपणाने वापरता येते. फक्त एक लक्षात ठेवा, 'बेभान' रागानेही होता येते. त्यामुळे संज्ञा म्हणून नाही, समजावताना वापरा.

आता तुमच्या शीर्षकातला 'गोंधळ'. मराठीने इथे आपल्याला फुकट उदाहरण दिले आहे. रोजच्या बोलण्यात गोंधळ म्हणजे काही कळेनासे होणे. पण घाटावरचा देवीचा गोंधळ पाहा: चौक मांडायचा, घट ठेवायचा, दिवटी पेटवायची, आधी गण, मग एकेका ठिकाणच्या देवाला नाव घेऊन 'गोंधळा ये' असे आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. संबळावर टिपरू पडते ते मापातच. ऐकणाऱ्याचे अंग थरारते, मांडणीचा क्रम मात्र हलत नाही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवले तर तुमच्या नोट्समधले तिसरे वाक्य, ते 'समन्वय'वाले, थोडे जिवंत होईल.

वृत्तमापक (म्हापसा)

वर तत्त्व आले, आता हात चालवायचा कसा ते. कविता घेतली की आशयाकडे लगेच जाऊ नका. आशयात 'वादळ', 'दारू', 'नाच' शोधणे आणि सापडले की डायोनिशियनचा शिक्का मारणे ही सर्वांत मोठी चूक. आधी बोटांवर अक्षरे मोजा.

उदाहरणासाठी मोठ्या अभंगाच्या मापात तीन कडवी जुळवली आहेत. माप आठवत असेलच: चार चरण, पहिल्या तिघांत प्रत्येकी 6 अक्षरे, चौथ्यात 4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. काव्य म्हणून कुणी गुण देऊ नयेत, कापून पाहण्यासाठी आहेत. पहिल्या ओळीतला 'मांड' म्हणजे शिगम्याची गावातली ठरलेली जागा.

मांडावरी दिवा / सारविली माती / उजळल्या वाती / नमनाच्या

ढोल ढोल ढोल / कुणाचा हा हात / कुणाचा हा पाय / कोण मी

दिवा तसा आहे / माती उकरली / पावले उरली / कुणाची ती

पहिले कडवे: 6, 6, 6, 4. माती-वाती यमक जागेवर. प्रत्येक चरणात एक वस्तू, प्रत्येक वस्तूला स्वतःची जागा. एकही प्रश्न नाही. कुणी करणारा दिसत नाही, तरी सगळे कुणीतरी नीट केलेले आहे. ही अपोलोनियन बाजू, आणि ती 'दिवा', 'नमन' या पवित्र शब्दांमुळे नाही, कडा स्पष्ट असल्यामुळे आहे.

दुसरे: पहिल्या चरणात सहा अक्षरे आहेत, पण शब्द एकच. माप भरले, अर्थ मात्र पुढे सरकला नाही, म्हणजे शब्द नादाकडे झुकला. पुढे यमकाची जागा येते आणि 'हात'ला 'पाय' भिडतो. शरीराच्या दृष्टीने जोडी जमते, कानाच्या दृष्टीने तुटते. चौथ्या चरणात अक्षरे तीनच. कान चौथ्याची वाट पाहतो आणि ते येत नाही. नेमके त्याच ठिकाणी 'मी' आहे. आशयात 'मी' हरवला आणि मापातले एक अक्षरही हरवले, हे एकाच जागी घडले म्हणून तुम्हाला तिथे बोट ठेवता येते. 'कवितेत बेभानपणा जाणवतो' एवढेच लिहिले तर ते मत झाले. 'दुसऱ्या कडव्याचा चौथा चरण एका अक्षराने तोकडा आहे' हा पुरावा झाला.

तिसरे: माप परत आले, यमक परत आले. म्हणून 'शेवटी अपोलोचा विजय' असे लिहू नका. माती उकरलेली आहे. पावले उरली आहेत आणि ती कुणाची हे माहीत नाही. रूप परतले ते खुणा घेऊन.

गणवृत्तात मोजणी आणखी काटेकोर होते. शार्दूलविक्रीडितात 19 अक्षरे आणि 12 व्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. वाक्य यतीपाशी न थांबता शब्दाच्या मध्येच यती ओलांडून गेले तर तिथे आवेग मापाला ढकलतो आहे का ते पाहा. पण सावध: कवीला ते साधले नसेल हीही शक्यता असते. म्हणून एकच जागा पुरावा धरू नका. माप जिथे डळमळते तिथेच प्रतिमा, सर्वनाम किंवा काळ यांतले दुसरे काहीतरी डळमळते का हे तपासा. दोन थरांत एकाच वेळी बदल दिसला तर लिहा.

मुक्तछंदात मोजायला अक्षरे नाहीत, मग तिथे काय? तीन गोष्टी पाहा. ओळ कुठे तुटते आणि वाक्य कुठे संपते यांतले अंतर. क्रियापदाचा कर्ता कुठपर्यंत स्पष्ट राहतो. विरामचिन्हे कुठे गळतात. कर्ता गळू लागला की डायोनिससच्या पावलांचा आवाज बहुतेक वेळा जवळ आलेला असतो.

मर्ढेकरांची लयतत्त्वे अभ्यासक्रमात असतील तर ती इथे फार उपयोगी आहेत: संवाद, विरोध, समतोल. वरच्या तीन कडव्यांना ती लावून पाहा. फक्त तिसऱ्याला 'समतोल' म्हणून मोकळे होऊ नका, पहिल्याशी त्याचे वजन खरोखर जुळते का ते स्वतः ठरवा.

पायपेटी (पणजी)

छान कापलेत. एकच हरकत. 'नमन' असलेले पहिले कडवे पूर्ण अपोलोनियन मानायला मन तयार नाही. 'उजळल्या' या भूतकाळी क्रियापदात वाट पाहणे आहे. सगळे मांडून ठेवले आहे म्हणजे कुणीतरी येणार आहे. दुसरी प्रेरणा तिथे आधीच दाराशी उभी आहे, असे म्हणेन.

वृत्तमापक (म्हापसा)

मान्य. उत्तरात हेच लिहिले तर मला आवडेल.

कुळागर (फोंडा)

देव बरें करो, एवढे कुणी समजावले नव्हते. आता धीर आला म्हणून विचारतो. शिगमो (आपला होळीचा उत्सव), कार्निव्हल, दशावतारी कालो (दशावताराचे नाटक) यांची उदाहरणे उत्तरात दिली तर चालतील का? शिगम्याच्या मिरवणुकीतला रोमटामेळ तर सरळ डायोनिशियन वाटतो, 'ओस्सय' म्हणत सगळे एक होतात. कार्निव्हलला राजा मोमो येतो आणि 'खा, प्या, मजा करा' सांगतो. आणि शिवाचे तांडव? तांडव आणि लास्य (कोमल नृत्य) म्हणजे आपली डायोनिसस-अपोलो जोडी असे एका लेखात वाचले.

नवी होडी (मडगाव)

तांडवाचे आधी उरकते. नाट्यशास्त्रात तांडव म्हणजे 108 करणे आणि त्यांतून बांधलेले 32 अंगहार. हात कुठे, पाय कुठे, कंबर कशी, सगळे नेमून दिलेले. ज्या नाचाची एवढी बारीक व्यवस्था लावली आहे त्याला 'अव्यवस्थेचे प्रतीक' म्हणणे म्हणजे नाव ऐकून पोथी न उघडणे. रोजच्या मराठीत 'तांडव घातले' म्हणतो ते वेगळे.

शिगम्याकडे येण्याआधी ग्रीसकडे जाऊ, कारण तुलना तिथेच जमते आणि तिथेच फसते. अथेन्समधला डायोनिससचा मोठा उत्सव वसंतात असायचा, आपल्या फाल्गुन-चैत्राच्या सुमारास. देव बेभानपणाचा, पण उत्सव नगराच्या ताब्यात: कोणते तीन कवी शोकांतिका सादर करणार हे अधिकारी ठरवायचा, वृंदाचा खर्च एका श्रीमंत नागरिकावर टाकला जायचा, प्रत्येक कवीच्या तीन शोकांतिका आणि एक सॅटिर नाटक, म्हणजे थट्टेचे नाटक. डिथिरँब या वृंदगीतात 50 जण गोलात नाचत-गात. शोकांतिकेचा वृंद लहान, 12 आणि पुढे 15. डेल्फीलाही तसेच. देऊळ अपोलोचे, पण हिवाळ्याचे तीन महिने तिथे डायोनिससचे मानले जात. दोघांचे घर एकच, वहिवाट वाटून घेतलेली.

रोमटामेळात ढोल, ताशे, कांसाळीं आहेत, घोष आहे, अनेकांचे एक अंग होते, हे सगळे खरे. पण त्याआधी मांडावर नमन आहे, कोणाच्या मांडावरून मेळ निघायचा आणि कुठे जायचा याचा पिढीजात क्रम आहे. तो मोडला तर गावात भांडण होते. तेव्हा 'शिगमो डायोनिशियन आहे' हे वाक्य अर्धे. 'शिगम्यात बेभान होण्यासाठी नमनाची आणि मानाची चौकट लागते' हे वाक्य पूर्ण.

एक इशारा मात्र गंभीरपणे. भार येणे, अवसर येणे (अंगात येणे) याला उत्तरात साहित्यसंज्ञा चिकटवू नका. ज्याला भार येतो आणि जे हात जोडून उभे असतात त्यांच्यासाठी ती कलाकृती नव्हे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रुथ बेनेडिक्टने 1934 साली ही जोडी उचलून अख्ख्या समाजांना लावली, अमुक जमात अपोलोनियन, तमुक डायोनिशियन. त्यावर पुढे भरपूर टीका झाली, कारण जिवंत समाज एका विशेषणात मावत नाही. तुमचा पेपर साहित्याचा आहे. मांडावरचे गीत, त्याची लय, त्यातला पुनरुक्तीचा वापर घ्या. श्रद्धेला हात लावू नका.

कालो हे उदाहरण मात्र उत्तम आणि सुरक्षित आहे. सुरुवातीच्या भागात गणपती, सरस्वती, मग संकासुर, असा ठरलेला ओघ. मुख्य आख्यानाचा कथाभाग पक्का, पण संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्याने रचतात आणि पायपेटी-पखवाज त्यांच्या मागे धावतात. काळा संकासुर येऊन बोलीत विनोद करतो तेव्हा पुराणाची कड ढिली होते. पण त्याला लगेच डायोनिसस म्हणू नका. तिथे हशा आहे, विरघळणे नाही. ही दुसऱ्या संज्ञेची हद्द.

तीच कार्निव्हलची संज्ञा. मिखाईल बाख्तिन या रशियन समीक्षकाची, 1965 साली छापलेल्या, राबले या फ्रेंच लेखकावरच्या ग्रंथात मांडलेली. त्याच्या कार्निव्हलमध्ये वरचे खाली होते: राजाची टर, विदूषकाला मुकुट, पोट आणि शरीर यांना मान, आणि सगळ्यांचे हसणे, स्वतःवरही. नीत्शेकडे 'मी' विरघळतो, बाख्तिनकडे दर्जा उलटतो. नीत्शेकडे पार्श्वभूमीला दुःख आहे, बाख्तिनकडे हशा. दोन्ही मिसळून 'गोंधळ' असे एकच नाव दिले की दोन्हींचा उपयोग संपतो.

आणि मोमोबद्दल गंमत बघा. बाख्तिनची मुख्य अट अशी की खऱ्या कार्निव्हलला रंगमंच नसतो, नट आणि प्रेक्षक असा भेद नसतो, सगळे त्यातच असतात. पणजीत चित्ररथ जातात आणि आपण अडथळ्यांच्या अलीकडे उभे राहून मोबाइल वर धरतो. त्या कसोटीवर मिरवणूक नापास. सासष्टीतल्या वाड्यांवरचा जुना इंत्रूज (गावातला कार्निव्हल), अंगणात येऊन होणारे खेळ, हे त्या कल्पनेला बरेच जवळचे. शनिवार ते मंगळवार धमाल आणि बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ, हा क्रम मात्र विसरू नका. सुटका आहे, ती पंचांगात बांधून दिलेली आहे.

खाजनबांध (डिवचल)

या संदर्भात युरिपिडीसचे 'बाक्खाय' वाचाच, निदान दूतांची दोन भाषणे. नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. 405 मध्ये रंगभूमीवर आले. थीब्जचा राजा पेन्थियस डायोनिससची पूजा बंद पाडायला निघतो. पृष्ठभागावर हिशोब सोपा: राजा म्हणजे शिस्त, देव म्हणजे बेभान. विद्यार्थी इथेच अडकतात.

पहिला दूत काय सांगतो ते नीट पाहा. डायोनिससच्या भक्त, डोंगरावरच्या बायका, शांत झोपलेल्या होत्या, नीटनेटक्या, राजाला संशय होता तशा मद्यधुंद नाहीत. उठल्या तर व्यवस्थित उठल्या. गुराख्यांनी दबा धरून त्यांना पकडायचा प्रयत्न केला, तेव्हा कत्तल सुरू झाली. म्हणजे हिंसा बेभानपणातून आपोआप आली नाही, त्याला कोंडू पाहिल्यावर आली. आणि 'शिस्तीचा' पेन्थियस? त्याला ते चोरून पाहण्याची एवढी ओढ की देवाच्या सांगण्यावरून तो बाईचे कपडे चढवतो. शेवटी त्याची आई अगावे त्याला सिंह समजून फाडते. पात्रांना एकेक लेबल लावून हे नाटक उलगडत नाही, कारण तीच लेबले नाटक अदलाबदल करत जाते.

आता रूप पाहा. फाडाफाड रंगमंचावर होत नाही. दूत येऊन सांगतो, तीही मोजलेल्या वृत्तात, एकेका तपशिलाने. आशय सगळ्यात बेबंद आणि कथन सगळ्यात काटेकोर, हे एकाच जागी. तुमच्या तिसऱ्या वाक्यातला 'समन्वय' हा शब्द मला खटकतो तो यासाठीच. समन्वय म्हटले की दोन शेजाऱ्यांनी कुंपणाचा वाद मिटवल्यासारखे वाटते. इथे ताण शेवटपर्यंत सुटत नाही, रूप फक्त तो पेलते.

ज्या युरिपिडीसवर नीत्शेने शोकांतिका मारल्याचा ठपका ठेवला, त्यानेच हे लिहिले. नीत्शेला ते माहीत होते, 12 व्या विभागात तो या उशिराच्या माघारीची दखल घेतो. शिवाय 1886 च्या आवृत्तीला त्याने स्वतःच्याच पुस्तकावर टीका करणारी प्रस्तावना जोडली. तेव्हा 'नीत्शे म्हणतो' असे लिहिताना 1872 चा की 1886 चा हे सांगितलेले बरे.

कुळागर (फोंडा)

सगळे वाचून उत्तराची सुरुवात अशी केली आहे, चुका काढा:

"डायोनिशियन प्रेरणेमुळे कवी बेभान होतो आणि अपोलोनियन प्रेरणेमुळे पुन्हा भानावर येतो. या दोन अवस्थांतून कविता जन्मते. भारतीय परंपरेतील साधारणीकरण म्हणजे हेच होय."

वृत्तमापक (म्हापसा)

तीन वाक्यांत तीन दुरुस्त्या.

पहिल्यात कर्ता चुकला. कवी बेभान झाला की त्याने चहा पीत शांतपणे लिहिले, हे कागदावरून कळत नाही. कर्ता 'कविता', 'चरण', 'लय' यांपैकी ठेवा. दुसऱ्यात 'पुन्हा' आणि 'अवस्था' मुळे एक संपून दुसरी सुरू होते असे झाले. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, म्हणून 'ताण' हा शब्द घ्या. तिसरे वाक्य काढा किंवा त्याला दोन ओळी द्या. साधारणीकरणात भाव 'माझा-परक्याचा' या गाठीतून सुटतो, एवढ्यापुरते साम्य आहे. पण रससिद्धान्ताचा भाष्यकार अभिनवगुप्त याच्याकडे स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे रसातले विघ्न आहे आणि शेवट विश्रांतीत आहे. नीत्शेच्या वृंदाला विश्रांती नको आहे. 'हेच होय' ऐवजी 'इथवर जुळते, पुढे फुटते' असे दाखवलेत तर उत्तर वरच्या श्रेणीत जाईल.

दहा गुणांसाठी अंदाजे चार परिच्छेद पुरतात. पहिल्यात स्वप्न-धुंदी आणि वेगळेपणाची कल्पना, पाच-सहा ओळींत. दुसऱ्यात तिसरा गडी सॉक्रेटिस, दोन ओळी, पण चुकवू नका. तिसरा सर्वांत मोठा, निम्मे उत्तर तिथेच जाऊ दे: एकच कविता, तिच्यातले एकच कडवे, अक्षरमोजणीसह. चौथ्यात संज्ञेची मर्यादा. एकाऐवजी तीन कवितांना स्पर्श करण्याचा मोह होतो, त्यात एकीचीही मोजणी पुरी होत नाही.

सुरुवात अशी करून पाहा: "अपोलोनियन प्रेरणा कवितेला कडा देते, डायोनिशियन प्रेरणा त्याच कडांवर दाब आणते. हा दाब प्रस्तुत कवितेच्या दुसऱ्या कडव्यात मापाच्या तुटीतून दिसतो." पुढे लगेच ते कडवे उतरवा आणि तुटलेल्या चरणाखाली रेघ मारा.

पायपेटी (पणजी)

आणि नाव नीत्शे लिहा किंवा नित्शे, पण अख्ख्या उत्तरपत्रिकेत एकच. तुमच्या वरच्या मजकुरात ते एकदाही आलेले नाही.